लाखात एक दुष्परिणाम आणि सव्वापाच लाखांचा माल्टा

०.३१. समजा, माल्टातल्या प्रत्येक माणसाने, अगदी तान्ह्या बाळांनीसुद्धा, एकच औषध घेतले आणि त्याचा एक गंभीर दुष्परिणाम लाखात एकाला होतो. तर त्या देशाच्या औषध नियामकाकडे पोहोचणाऱ्या नोंदींची अपेक्षित संख्या एवढी भरते. म्हणजे पुरती एकही नाही. एकसुद्धा नोंद न येण्याची शक्यता ७३ टक्के निघते.

हिशेब सरळ आहे. २०२१ च्या जनगणनेत माल्टाची लोकसंख्या ५,१९,५६२ होती, म्हणजे गोव्याच्या २०११ च्या लोकसंख्येच्या सुमारे ३६ टक्के. लाखात एक या दराने दुष्परिणाम होणार ५.२ जणांना. त्यांतले कळवले किती जातात? लोर्ना हेझेल आणि साद शाकीर यांनी २००६ मध्ये १२ देशांतले ३७ अभ्यास एकत्र तपासले. त्यांच्या हाती आलेला मध्यक असा, की १०० पैकी ९४ दुष्परिणाम नोंदलेच जात नाहीत. उरतात ६ टक्के. ५.२ चे ६ टक्के म्हणजे ०.३१.

संपूर्ण देश एकच औषध घेतो असे कधी होत नाही. म्हणून हीच गोष्ट उलट बाजूने मोजावी लागते: दुष्परिणाम दिसायला किती माणसांनी औषध घेतले पाहिजे? दहा हजारांत एकाला होणारा दुष्परिणाम निदान एकदा घडेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ३०,००० रुग्ण लागतात. माल्टात हे प्रमाण लोकसंख्येच्या ५.८ टक्के होते. रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या एखाद्या गोळीला एवढे रुग्ण मिळू शकतील, कर्करोगाच्या नव्या औषधाला मिळणार नाहीत. एकच रुग्ण योगायोगाने आजारी पडू शकतो, म्हणून तीन रुग्ण तरी दिसावेत अशी अट घातली की आकडा ६३,००० वर जातो, लोकसंख्येच्या १२ टक्क्यांवर. दुष्परिणाम लाखात एक असेल तर तीन रुग्णांसाठी ६.३ लाख माणसे लागतात. तेवढी माणसे माल्टात नाहीत.

औषध बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्यांत बहुधा काही हजार लोक असतात. दहा हजारांत एक दुष्परिणाम तिथे निसटतो हे सर्वांना ठाऊक आहे आणि बाजारात आल्यावरची नोंदणी त्याचसाठी असते. माल्टापुढचा प्रश्न असा, की तिथे ही दुसरी चाळणीसुद्धा पहिलीइतकीच विरळ आहे.

माल्टाचा औषध कायदा २००३ चा. औषध प्राधिकरण त्याच कायद्याने उभे राहिले आणि १ मे २००४ रोजी देश युरोपीय संघात गेला. औषधसुरक्षेच्या दृष्टीने या प्रवेशाचा अर्थ असा होता, की माल्टाची नोंद माल्टात थांबत नाही. डॉक्टर, फार्मासिस्ट किंवा रुग्णाने कळवलेला संशयित दुष्परिणाम गंभीर असेल तर १५ दिवसांत, नसेल तर ९० दिवसांत ‘युड्राव्हिजिलन्स’ या सामायिक युरोपीय माहितीसाठ्यात जमा व्हावा लागतो. २२ नोव्हेंबर २०१७ पासून औषध कंपन्याही आपल्याकडच्या नोंदी देशोदेशींच्या नियामकांकडे न पाठवता थेट तिथेच भरतात. २०२० मध्ये या साठ्यात सुमारे १८ लाख नोंदी आल्या, २०२१ मध्ये सुमारे ३५ लाख. वर्षभरात संख्या जवळपास दुप्पट झाली ती मुख्यतः कोविड लसींमुळे. औषधे एकाएकी दुपटीने धोकादायक झाली, असा याचा अर्थ नाही. कोट्यवधी लोकांनी काही महिन्यांत एकच गोष्ट घेतली आणि कळवण्याची सवय त्या वर्षापुरती वाढली.

या साठ्यात संगणक धोक्याची खूण कशी काढतो, तेही आकड्यांतच ठरलेले आहे. विशेष देखरेखीखालच्या औषधाबाबत एखाद्या दुष्परिणामाच्या किमान ३ नोंदी हव्यात, इतर औषधांबाबत ५. शिवाय ती जोडी अपेक्षेपेक्षा जास्त वेळा येते हे संख्याशास्त्राने दिसले पाहिजे. ही विशेष देखरेख म्हणजे माहितीपत्रकावर उलटा काळा त्रिकोण असलेली औषधे, बहुतेक नवी. माल्टाची ०.३१ नोंद एकटी या उंबरठ्याच्या आसपासही जात नाही.

एकत्र केल्यावर तरी पुरते का? युरोपीय आर्थिक क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ४५.५ कोटी. त्यातल्या १ टक्का लोकांनी, म्हणजे ४५.५ लाखांनी, औषध घेतले आणि दुष्परिणाम लाखात एक असला, तर रुग्ण ४५ होतील आणि ६ टक्क्यांच्या हिशेबाने नोंदी २.७. तीनच्या उंबरठ्यालाही हा आकडा थोडा कमी पडतो. युरोपबाहेरच्या गंभीर नोंदीही या साठ्यात येतात आणि नवे औषध असेल तर डॉक्टर जास्त तत्परतेने कळवतात, त्यामुळे प्रत्यक्षात चित्र यापेक्षा बरे असते. पण दुर्मिळ दुष्परिणामापुढे संपूर्ण युरोपसुद्धा फार मोठा नाही, हे यातून कळते. माल्टाचा या लोकसंख्येतला वाटा ०.११ टक्का.

मग माल्टाने वर्षाला किती नोंदी कराव्यात? जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमात वापरला जात आलेला जुना निकष दर १० लाख लोकांमागे वर्षाला २०० नोंदींचा आहे. माल्टासाठी तो १०४ होतो, आठवड्याला दोन. हा आकडा दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून पाहावा. औषधांच्या दुष्परिणामांनी संघात वर्षाला १.९७ लाख मृत्यू होतात, असा अंदाज युरोपीय आयोगाने २००८ मध्ये मांडला होता. रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी ५ टक्के याच कारणाने दाखल होतात, असेही त्यात होते. तेव्हाची लोकसंख्या सुमारे ५० कोटी धरली तर दर १० लाखांमागे मृत्यू सुमारे ३९५. म्हणजे जो देश नोंदींचा निकष पुरेपूर गाठतो, त्याच्या वर्षभराच्या सगळ्या नोंदी या अंदाजातल्या मृत्यूंच्या जेमतेम निम्म्या भरतात. जे वाचले त्यांची तर मोजदादच नाही. यातले बरेच मृत्यू ओळखीच्या कारणांनी होतात, उदाहरणार्थ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी झालेला रक्तस्राव. आधीच माहीत असलेले कळवायचे कशाला, असे डॉक्टरांना वाटते. माझ्या मते नोंदणीचे सर्वांत मोठे नुकसान या एका समजुतीने केले आहे, कारण ओळखीचा दुष्परिणाम किती वाढला हे मग कुणालाच कळत नाही.

नोंदी झाल्या अंश. छेदाची अडचण वेगळी आहे. माल्टाची लोकसंख्या २०११ मध्ये ४,१७,४३२ होती. दहा वर्षांत ती २४.५ टक्के वाढली. जुन्या जनगणनेने भागून काढलेला दुष्परिणामाचा दर २०२१ मध्ये आपोआप जवळजवळ पाव हिश्श्याने फुगलेला दिसला असता. २०२१ ला २२.२ टक्के रहिवासी परदेशी नागरिक होते, म्हणजे पाचांतल्या एकाहून अधिक जणांचा औषधांचा इतिहास बऱ्याच अंशी दुसऱ्या देशाच्या कागदांवर आहे. त्यात पर्यटक. २०२३ मध्ये ते सुमारे २९.८ लाख होते, २०२४ मध्ये सुमारे ३५.६ लाख, म्हणजे १९ ते २० टक्के वाढ आणि लोकसंख्येच्या सहापटीहून अधिक. जर्मनीत विकत घेतलेली गोळी माल्टात पोटात जाते आणि पुरळ माल्टाच्या दवाखान्यात दिसते. नोंद माल्टाची, विक्रीचा आकडा जर्मनीचा.

इथपर्यंतचे आकडे लहान देशांच्या विरोधात जातात. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या दोन मोठ्या लसविषयक इशाऱ्यांकडे पाहिले, तर ते दोन्ही युरोपातल्या बड्या देशांतून आधी आले नाहीत.

पहिला २०१० चा. फिनलंडची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५४ लाख होती. स्वाइन फ्लूवरची ‘पॅन्डेमरिक्स’ ही लस घेतलेल्या मुलांमध्ये नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा विकार, वाढल्याचे स्वीडन आणि फिनलंडमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आले. फिनलंडने २४ ऑगस्ट २०१० रोजी ती लस थांबवली. पुढे झालेल्या अभ्यासात ४ ते १९ वयोगटात लस घेतलेल्यांमध्ये या विकाराचा दर लाख व्यक्तिवर्षांमागे ९.० निघाला, न घेतलेल्यांमध्ये ०.७. जवळपास १३ पट. लसीमुळे झालेली भर १६,००० मुलांमागे एक. लाखात सहा, असा हा दर आहे. तो दिसला, कारण त्या वयोगटातल्या सुमारे ७५ टक्के मुलांनी लस घेतली होती आणि प्रत्येकाच्या ओळखक्रमांकावरून लसीची नोंद रुग्णालयाच्या नोंदीशी जोडता येत होती. हाच दर माल्टाला लावला आणि ७५,००० मुलांना लस दिली असे धरले, तर जादा रुग्ण ४.७ होतात. इतक्या लहान बेटावर चार-पाच मुले एका वर्षात एकाच विरळ आजाराने आली, तर ती बहुधा त्याच एक-दोन डॉक्टरांसमोर येतील. लहान असण्याचा उपयोग झालाच तर तो इथे होतो.

दुसरा २०२१ चा. डेन्मार्क, नॉर्वे आणि आइसलंड यांनी ११ मार्चला ॲस्ट्राझेनेकाची कोविड लस थांबवली. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी १,३०,००० हून अधिक लस घेतलेल्यांमध्ये पाच रुग्ण वर्णन केले: वय ३२ ते ५४, सगळे आरोग्य कर्मचारी, लशीनंतर ७ ते १० दिवसांत रक्ताच्या गुठळ्या आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी. या दोन गोष्टी एकत्र येणे अपेक्षित नसते, म्हणून पाच रुग्ण पुरेसे ठरले. त्यानंतर डेन्मार्क आणि नॉर्वे यांनी १८ ते ६५ वयाच्या २,८१,२६४ लसवंतांच्या नोंदी तपासल्या. शिरांतल्या गुठळ्यांचे ३० रुग्ण अपेक्षित होते, सापडले ५९. मेंदूतल्या शिरांच्या गुठळ्यांची भर लाखामागे २.५.

आता हा आकडा युरोपच्या सामायिक साठ्याशी ताडून पाहू. ४ एप्रिल २०२१ पर्यंत युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि ब्रिटन मिळून सुमारे ३.४ कोटी लोकांना ही लस मिळाली होती आणि मेंदूतल्या गुठळ्यांच्या १६९ नोंदी होत्या. लाखामागे ०.५. दोन उत्तरेकडच्या देशांच्या आकड्याचा पाचवा हिस्सा. सगळा फरक न कळवण्याचा नाही. ब्रिटनने ज्येष्ठांना आधी लस दिली, डेन्मार्क-नॉर्वेच्या अभ्यासात पासष्टीपुढचे नव्हते, आणि हा दुष्परिणाम तरुणांत जास्त होता. पण पद्धतीतला फरक उरतोच. एका बाजूला कुणीतरी आठवणीने कळवण्यावर सगळे अवलंबून होते, दुसऱ्या बाजूला रुग्णालयाची प्रत्येक नोंद मोजली गेली. जे ३.४ कोटींत धूसर होते, ते २.८ लाखांत स्पष्ट झाले. हे २.८ लाख माल्टाच्या लोकसंख्येच्या ५४ टक्के आहेत.

उलट उदाहरण फ्रान्सचे. ‘मेडियाटोर’ या नावाने विकले जाणारे बेनफ्लुओरेक्स हे औषध तिथे १९७६ ते २००९ अशी ३३ वर्षे बाजारात होते. सुमारे ५० लाख लोकांनी ते घेतले. हृदयाच्या झडपा त्याने बिघडतात, हे ब्रेस्ट शहरातल्या इरेन फ्राशों या फुप्फुसतज्ज्ञ डॉक्टरांनी चिकाटीने लावून धरले तेव्हा ते बाजारातून गेले. स्पेन आणि इटलीच्या बाजारात ते त्याआधीच उरले नव्हते. पन्नास लाख वापरकर्ते असूनही जोडणी झाली नाही, तर आकडा मोठा असण्याचा काही फायदा नाही. संघाचे २०१२ पासूनचे कडक नियम याच प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर लागू झाले.

माल्टाकडे जोडणीसाठी लागणारे दोन दुवे आहेत. २००७ मध्ये सुरू झालेले मातेर देई हे देशाचे मुख्य सार्वजनिक रुग्णालय, जिथे गंभीर रुग्णांचा मोठा हिस्सा एकाच छपराखाली येतो. आणि त्याच वर्षी सुरू झालेली सरकारी योजना, जिच्यात दीर्घ आजाराचे रुग्ण आपण निवडलेल्या औषध दुकानातून मोफत औषध घेतात. पहिल्यात अंश आहे, दुसऱ्यात छेद. लहान देशाने नोंदींची संख्या ११० वरून १३० वर नेण्याची खटपट करण्यापेक्षा हे दोन दुवे नावागणिक जोडण्यावर खर्च करावा, असे मला या सगळ्या आकड्यांवरून वाटते.

निर्णय घेताना मात्र लोकसंख्या मोजली जात नाही. ‘प्राक’ या नावाने ओळखली जाणारी युरोपची औषधसुरक्षा समिती जुलै २०१२ मध्ये प्रथम भरली. प्रत्येक सदस्य देशाचा एक प्रतिनिधी आणि एक पर्यायी प्रतिनिधी. सुमारे ८.३ कोटींच्या जर्मनीचे एक मत, सव्वापाच लाखांच्या माल्टाचेही एक. माणशी हिशेब केला तर माल्टाच्या मताचे वजन १६० पट. कामाचा मोबदलाही असाच सपाट आहे. २०१४ च्या शुल्क नियमाने एका औषधाच्या ठरावीक मुदतीने येणाऱ्या सुरक्षा अहवालाची तपासणी १९,५०० युरोंना ठरवली आणि त्यातले १३,१०० तपासणी करणाऱ्या देशाला. अहवाल जर्मनीने तपासला काय किंवा माल्टाने, रक्कम तीच होती. एखादा औषधगट हाती घेऊन त्यात प्रावीण्य मिळवणे लहान नियामकाला त्यामुळे परवडू शकते. सगळ्या औषधांवर डोळा ठेवणे परवडत नाही.

सुरक्षेचा सर्वांत अवघड भाग दुष्परिणामांत नसून पुरवठ्यात आहे. पाच लाख लोकांच्या बाजारासाठी स्वतंत्र परवाना, स्वतंत्र वेष्टन आणि वार्षिक शुल्क भरणे अनेक कंपन्यांना नकोसे वाटते. त्यासाठी युरोपीय औषध निर्देशात कलम १२६अ आहे. दुसऱ्या सदस्य देशात परवाना असलेले औषध सार्वजनिक आरोग्याच्या कारणाने आपल्या बाजारात आणण्याची मुभा त्याने मिळते, मात्र माहितीपत्रक आणि दुष्परिणामांवरची देखरेख यांची जबाबदारी आणणाऱ्या देशाने घ्यायची. इंग्रजी ही माल्टाची एक अधिकृत भाषा, म्हणून ब्रिटनचे खोके तसेच्या तसे चालायचे. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन सदस्य देश उरला नाही आणि हा आधार तुटला. आयोगाने आधी ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत सवलत दिली, मग एप्रिल २०२२ च्या निर्देशाने माल्टा, सायप्रस आणि आयर्लंड यांच्यासाठी ती ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत वाढवली. दुसऱ्याच दिवसापासून, १ जानेवारी २०२५ ला, उत्तर आयर्लंडसाठीच्या ब्रिटिश औषधांवर ‘फक्त ब्रिटन’ अशी खूण सक्तीची झाली. खोका बदलला की गोळीचा रंग, नाव, कधी कंपनीही बदलते. वीस वर्षे एकच खोका ओळखणाऱ्या वृद्धाकडून मग दोन्ही गोळ्या घेतल्या जाऊ शकतात. अशी चूक दुष्परिणाम म्हणून नोंदवता येते, पण ती कळवायला हवी हे फार थोड्यांना माहीत असते.

उलट दिशेने मात्र माल्टातून त्याच्या गरजेच्या कितीतरी पट औषधे जातात. देश १ मार्च २००७ पर्यंत युरोपीय पेटंट करारात नव्हता. कंपन्यांनी तिथे अनेक औषधांची पेटंट घेतलीच नव्हती, म्हणून जेनेरिक उद्योग तिथे गेला. भारतातून युरोपात येणाऱ्या तयार औषधाची प्रत्येक बॅच संघाच्या हद्दीत पुन्हा तपासावी लागते, कारण या बाबतीत दोन्ही बाजूंमध्ये परस्पर मान्यतेचा करार नाही. ऑरोबिंदो समूहाची माल्टातली कंपनी हे बॅच मोकळ्या करण्याचे काम हाल फार औद्योगिक वसाहतीतून करते. माल्टाच्या प्राधिकरणाचे निरीक्षक भारतातल्या कारखान्यांनाही प्रमाणपत्रे देतात. सव्वापाच लाखांचा नियामक अशा रीतीने इतर देशांतल्या रुग्णांच्या गोळ्यांना जबाबदार होतो.

पुण्याचा संबंध इथे येतो. जेनेरिक औषध मूळ औषधासारखेच शरीरात शोषले जाते, हे सिद्ध करणाऱ्या चाचण्या सिनॅप्स लॅब्ज या पुण्याच्या कंपनीने अनेक उत्पादकांसाठी केल्या होत्या. स्पेनच्या नियामकाने केलेल्या तपासणीत विदेत आणि कागदपत्रांत गंभीर त्रुटी निघाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय औषध संस्थेने संबंधित परवाने स्थगित करण्याची शिफारस केली आणि फेरतपासणीनंतर मार्च २०२४ मध्ये ती कायम ठेवली. औषधे सुमारे ४००. २०१५ मध्ये हैदराबादच्या एका कंपनीबाबत अशीच कारवाई झाली होती, तेव्हा तपासलेल्या सुमारे १,००० औषधप्रकारांपैकी ७०० स्थगितीच्या यादीत गेले. दोन्ही वेळी गोळ्यांमुळे रुग्णांना इजा झाल्याचा पुरावा समोर आलेला नव्हता. प्रश्न पुराव्याच्या विश्वासार्हतेचा होता, आणि तो दुष्परिणामांच्या नोंदींतून कधीच दिसला नसता.

सिनॅप्सबाबतच्या शिफारशीत एक पोटकलम होते. एखादे औषध एखाद्या देशात अत्यावश्यक असेल, त्याला पर्याय नसेल, तर तो देश स्थगिती जास्तीत जास्त दोन वर्षे पुढे ढकलू शकतो. मोठ्या बाजारात एकाच रेणूची परवाना असलेली अनेक जेनेरिक औषधे असतात आणि एक गेले तर दुसरे मिळते. माल्टात एका रेणूचे दोनच परवाने असले आणि त्यातला एक यादीत आला, तर उपलब्ध पर्याय ५० टक्क्यांनी घटतात. एकच असला तर १०० टक्क्यांनी. त्यामुळे पुण्यातल्या प्रयोगशाळेचा कागद वाचून, औषध ठेवायचे की काढायचे, हे माल्टाच्या प्राधिकरणाला प्रत्येक नावासाठी वेगळे ठरवावे लागते.